हॅलो म्हणजे नेमकं काय?

हॅलो, हॅलो... आवाज येतोय का? मी मुर्रीहून बोलतोय.

बघा, सुरुवातीचे दोन हॅलो नमस्कार नव्हतेच, ती माइकची तपासणी होती! फोन उचलताना ग्रॅहम बेलला 'अहॉय' हवं होतं. एडिसनने १८७७ मध्ये 'हॅलो' सुचवलं, तेच टिकलं. २०२२ मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायचं आवाहन केलं.

आमच्याकडे समोरासमोर राम राम, जय भीम, जय सेवा चालतं. पण पुण्यात कामाला असलेल्या भावाशी बोलताना रेंज गेली की आई ओरडते, "हॅलो? हॅलो?" तिथे अर्थ एकच, 'आहेस ना रे बाबा?'

अशा हॅलोला कट करू नका. परत फोन लावा.