तण उपटावे, जमीन उघडी पाडू नये

दिल्लीच्या हवेची चर्चा दरवर्षी ऑक्टोबरात सुरू होते आणि पंजाब-हरियाणातील शेतांत जळणाऱ्या भाताच्या पेंढ्यापाशी येऊन थांबते. राजधानी परिसरातील सोहना, पतौडी किंवा दादरी यांसारख्या छोट्या नगरपालिकांच्या रस्त्यांकडेला जुलैत काय उगवते, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचितच येतो.

तिथे प्रामुख्याने गाजरगवत उगवते. या तणाची ओळख महाराष्ट्राला नव्याने करून देण्याची गरज नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यात भारतात त्याची पहिली ठळक नोंद पुण्यातच झाली. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्याच्या संपर्काने त्वचेचे विकार जडतात, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. हातमोजे न देता ते उपटायला लावले जाते, तेव्हा त्याची किंमत कंत्राटी सफाई कामगार आपल्या कातडीने मोजतो.

उपाय अज्ञात नाहीत. फुलोऱ्यापूर्वी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटलेल्या गाजरगवताचे कंपोस्ट करता येते. केवळ वरून छाटले, तर बुंध्यातून ते पुन्हा फुटते. १९८४ मध्ये मेक्सिकोहून आणलेला झायगोग्रामा भुंगेरा पावसाळ्यात त्याची पाने फस्त करतो. तणनाशकाची वाट तुलनेने अरुंद झाली आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली.

अडचण वेळेची आणि मालकीची आहे. कापणीचे काम पावसाळ्यानंतर, सणांच्या तोंडावर काढले, तर तोवर बी जमिनीत पडलेले असते. वाळलेले ढीग उचलण्याची तरतूद नसली, की काडी लावणे हाच सोपा मार्ग ठरतो. उघड्यावर पालापाचोळा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंडाचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच दिला होता. पण दंडाने ढीग हलत नाहीत. त्यात रस्त्याची कडा कुठे महामार्ग प्राधिकरणाची, कुठे बांधकाम खात्याची, कुठे पाटबंधाऱ्यांची. हरियाणात तर रस्ते व कालव्यांकाठचे अनेक पट्टे संरक्षित वन म्हणून अधिसूचित आहेत. तण या हद्दी पाळत नाही. अंदाजपत्रके मात्र काटेकोरपणे पाळतात.

दुसरे टोकही तितकेच घातक आहे. यंत्राने कडा खरवडून काढली, की उघडी पडलेली माती प्रत्येक वाहनामागे उडते, आणि रस्त्यावरील धूळ हा दिल्लीच्या प्रदूषणाचा मान्य घटक आहे. शिवाय गाजरगवताला अशीच मोकळी जागा हवी असते. टाकळ्यासारखी वनस्पती किंवा स्थानिक गवते तिथे आधीच रुजवली, तर ती गाजरगवताला अटकाव करतात आणि माती धरून ठेवतात.

राजधानी क्षेत्रातील हवेसाठी २०२१च्या कायद्याने वैधानिक आयोग नेमला गेला. त्याची कक्षा राज्यांच्या सीमा ओलांडते; म्हणून कडेच्या पट्ट्यांची जबाबदारी एका यंत्रणेकडे सोपवण्याचा आग्रह त्यानेच धरावा. कंत्राटाचे देयक कापलेल्या किलोमीटरवर न देता, फुलोऱ्यापूर्वी झालेल्या कामावर आणि उचललेल्या ढिगांवर द्यावे. हातमोजे व मुखपट्टी हा कंत्राटातील अनिवार्य खर्च असावा. हे मोठ्या निधीचे काम नाही. ते जुलैत करायचे आहे, एवढेच. आणि जुलैत दिल्लीचे आकाश स्वच्छ असल्याने कोणाला त्याची निकड भासत नाही.