चुनखडीत कोंडलेला वायू

नवी कोरी इमारत आहे. अजून कुणी राहायला आलेलं नाही. दिवे बंद, पंखे बंद, लिफ्टही बंद. तरी तिच्यापायी ढीगभर कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊन बसलाय! कसा काय बरं?

सगळी गंमत सिमेंटमध्ये आहे. सिमेंट होतं चुनखडीपासून. आणि बरीचशी चुनखडी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्री जीवांचे शिंपले नि कवचं! त्या इवल्याशा जीवांनी पाण्यातला कार्बन आपल्या कवचात बांधून ठेवला. ते मेले, तळाशी थरावर थर साचले, त्यांचा दगड झाला. कारखान्यात हाच दगड इतर कच्च्या मालाबरोबर भट्टीत घालून १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, आणि इतका काळ कोंडलेला वायू मोकळा होतो. शुद्ध चुनखडी १०० किलो असेल, तर त्यातली ४४ किलो चक्क वायू होऊन उडून जाते! भट्टीत जळणाऱ्या कोळशाचा धूर वेगळाच.

आता चीनमधलं शेनझेन बघा. हाँगकाँगच्या शेजारी भातशेती आणि मासेमारी करणारी गावं होती. १९८० मध्ये सरकारने तिथे खास उद्योगक्षेत्र केलं. कारखाने आले, काम आलं, माणसं आली. २०२० च्या जनगणनेत तिथली वस्ती होती सुमारे पावणेदोन कोटी! एवढ्या माणसांना घरं, पूल, रस्ते, शाळा नकोत का? चीनभर अशी शहरं वाढली. जगातलं निम्म्याच्या आसपास सिमेंट आज एकटा चीन बनवतो. आणि २००६ च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड सोडण्यात त्याने अमेरिकेलाही मागे टाकलं. अर्थात माणशी हिशेब केला, तर अमेरिका अजूनही चीनच्या पुढेच आहे. शिवाय चीनच्या कारखान्यांतले फोन आणि खेळणी जगभर जातात. मग तो सगळा धूर एकट्या चीनच्या नावावर लिहिणं मला तरी पटत नाही.

आपल्याकडे कितीतरी घरं अजून बांधायची आहेत, आणि ती व्हायलाच हवीत. म्हणून एक नवं सिमेंट मला फार मोलाचं वाटतं. ते घडवण्यात स्वित्झर्लंड आणि क्युबाच्या शास्त्रज्ञांबरोबर दिल्ली आणि मद्रासच्या आयआयटीही आहेत. त्यात नेहमीच्या सिमेंटच्या जागी बराच भाग भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेल्या चुनखडीची पूड घालतात. माती भाजायला ८०० अंशांच्या आसपास उष्णता पुरते. आणि ती चुनखडी भट्टीत जातच नाही, त्यामुळे तिच्यातला वायू आतच राहतो.