हात, पाय, पोट आणि शब्दांची कामे

हात, पाय, पाठ, पोट ही नावे लहान मूलही सांगते. ती कुणी शिकवावी लागत नाहीत. पण हीच नावे आपल्या बोलण्यात किती निरनिराळी कामे करतात, याकडे आपले लक्ष नसते. आज आपण तेच पाहू.

एकच माणूस रानात गेला की शेतकरी, घरी आला की बाप, पंचायतीत बसला की पंच. माणूस एक, कामे तीन. शब्दांचेही तसेच आहे. शब्द वाक्यात कोणते काम करतो, ते पाहून व्याकरणात त्याची 'जात' सांगतात. माणसाची जात पाहू नये. शब्दाची मात्र जरूर पाहावी. कारण ती कामावरून ठरते.

प्रथम हात घेऊ. 'हात धुऊन जेवा.' येथे हात हे नाव आहे, म्हणून ते नाम. 'फवारणीचे औषध जपून हाताळा.' येथे हातापासून क्रिया झाली. हाताळा हे क्रियापद. 'हातभर दोरी द्या.' दोरी केवढी? हातभर. दोरीविषयी जास्त माहिती दिली, म्हणून हे विशेषण. 'भाजी हातोहात खपली.' कशी खपली? हातोहात. खपण्याची रीत सांगितली, म्हणून हे क्रियाविशेषण.

आता पाय. 'वारकरी पंढरपूरला पायी जातात.' कसे जातात? पायी. हे क्रियाविशेषण. आणि 'दारूपायी शेत गेलं,' असे आपण म्हणतो, तेव्हा? येथे चालण्याचा काही संबंध नाही. पायी म्हणजे मुळे. दारूला जोडून आला, म्हणून हा शब्दयोगी. शब्द तोच, पण काम बदलले आणि अर्थही बदलला.

तोंडापासून तोंडी झाला. 'तोंडी करार' म्हटले तर विशेषण. 'त्याने तोंडी सांगितलं' म्हटले तर क्रियाविशेषण. डोळ्यापासून डोळस हे विशेषण, आणि डोक्यापासून डोकावणे हे क्रियापद.

मात्र सारखे दिसले म्हणून नाते जोडू नये. नाकारणे याचा नाकाशी संबंध नाही. तो शब्द नकाराचा आहे. 'माझी पाठ दुखते' यातली पाठ वेगळी आणि 'पहिला पाठ वाचला' यातला पाठ वेगळा. एक ती, दुसरा तो.

कुणी विचारील, हे कळून आमचा काय फायदा? फायदा पोटाच्या शब्दात पाहा. सातबाराच्या उताऱ्यावर 'पोटखराबा' असा शब्द असतो. तेथे पोट म्हणजे शरीराचा भाग नव्हे. पोट म्हणजे आतला. गटाच्या आतली जी जमीन लागवडीस योग्य धरलेली नाही, ती पोटखराबा. तसेच सर्व्हे नंबराच्या आतला वाटा म्हणजे पोटहिस्सा.

समजा, उताऱ्यावर एकूण क्षेत्र २ हेक्टर आहे आणि त्यात पोटखराबा ४० आर आहे. एक हेक्टर म्हणजे १०० आर. तेव्हा लागवडीयोग्य जमीन १ हेक्टर ६० आर एवढीच. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा. म्हणजे सुमारे एक एकराचा फरक पडला! जमीन घेणाऱ्याने वरचा आकडा वाचला आणि हा एक शब्द सोडला, तर पैसे मोजून झाल्यावर फसगत कळते.

म्हणून अक्षरे जुळवून थांबू नका. हा शब्द येथे कोणते काम करतो, हे स्वतःला विचारा. कळले नाही तर जाणत्याला विचारा, आणि मगच सही करा.

करून पाहा:
१. 'तो पाठीमागे बसला.' 'देवळापाठीमागे विहीर आहे.' दोन्हींत पाठीमागे कोणते काम करतो?
२. आपल्या शेताचा उतारा काढून पोटखराबा किती आहे ते वाचा.