पिल्लू आणण्याआधी 'बस'चा अर्थ ठरवा

भोपाळमधल्या तुलसीनगरातल्या मराठी घरात आजी पिल्लाला म्हणते, "बस." म्हणजे खाली बस. तेवढ्यात शाळेतून आलेला नातू त्याच्या उड्या थांबवायला ओरडतो, "बस, बस!" हे हिंदीतलं बस, म्हणजे पुरे. आई स्वयंपाकघरातून "सिट" म्हणते. दोन महिन्यांचं ते पिल्लू तिघांकडे आळीपाळीने बघतं, मान तिरकी करतं आणि चप्पल तोंडात धरून पलंगाखाली पळतं. मग सगळे म्हणतात, फार हट्टी आहे हो! हट्टी कसलं? एकाच आवाजाचे दोन अर्थ त्याने लावायचे तरी कसे?

म्हणून भोपाळच्या आपल्या मराठी-हिंदी घरांत पट्टा आणि वाडगं आणण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसून शब्द ठरवावेत. बसायला 'बैठ', अडवायला 'नाही', तोंडातलं टाकायला 'सोड'. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. पलंगावर चढू द्यायचं का, जेवताना पानातलं द्यायचं का, हेही तेव्हाच ठरवा. आजोबांनी एकदा गुपचूप पोळीचा तुकडा दिला, की पिल्लू रोज ताटाशी येणारच.

आठ आठवडे आईजवळ

विकत आणा किंवा रस्त्यावरचं घ्या, पिल्लू 8 आठवड्यांचं होईपर्यंत शक्यतो आईजवळच असावं. 2017च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लू विकता येत नाही. किती जोरात चावलं की दुसऱ्याला लागतं, हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं.

घरी आल्यावर खरा पेच सुरू होतो. साधारण 3 ते 14 आठवडे हा पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ. या वयात जे ओळखीचं झालं, त्याची पुढे सहसा भीती वाटत नाही. पण नेमका याच काळात लसींचा क्रम अपुरा असतो. पार्वो या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, साध्या फिनाइलला दाद देत नाही. आपल्या क्वार्टर्सच्या मागे, झाडांच्या सावलीत रस्त्यावरची कुत्री रोज फिरतात. तेव्हा पिल्लाला मोकळ्या मातीत सोडू नका. कडेवर घेऊन सेकंड स्टॉपपर्यंत चक्कर मारा. स्कूटर, भाजीवाल्याची हाक, आरतीची घंटा त्याच्या कानावर पडू द्या.

पहिली लस 6 ते 8 आठवड्यांत, नंतरचे डोस 3-4 आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची लस 3 महिन्यांनंतर. जंताचं औषधही लागतं. जहांगीराबादचं राज्य पशुचिकित्सालय किंवा जवळचे पशुवैद्य आधीच गाठून ठेवा.

गुडघ्यांवर बसून घर बघा

पिल्लाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. चार्जरची लोंबती वायर, डासांची कॉइल, कपाटाखाली विसरलेलं उंदराचं औषध. अंगणातली कण्हेर तर हृदयावरच घाला घालते.

स्वयंपाकघरात जपायला हवं ते पोह्यांपासून. रविवारच्या पोहे-जिलेबीतले पोहे प्रेमाने भरवू नका; कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगम विषारी. द्राक्षं-मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं, असं पशुविषतज्ज्ञांना वाटतं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. म्हणजे शिऱ्यातल्या मनुका नकोत, तशी चिंचेची आमटीही नको.

पहिल्या रात्री पिल्लू रडेल. आईच्या अंगाचा वास असलेलं फडकं सोबत आणा आणि त्याचं अंथरूण आपल्या पलंगाशेजारी घाला. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच शू करायला न्या. घरात केली तर मारू नका, नाक घासू नका. ते फक्त तुम्हाला भ्यायला शिकेल.

मुलांना दोन गोष्टी बजावा: झोपलेल्या आणि खाणाऱ्या पिल्लाला हात लावायचा नाही. दात किंवा नख लागलंच, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागली, की उपाय उरत नाही.

बदलीचं पत्र आलं तर?

तुलसीनगरात सरकारी नोकरदारांची घरं पुष्कळ, आणि बदली कुणालाच चुकलेली नाही. कुत्रं 10 ते 15 वर्षं जगतं. नव्या गावी ते सोबत येणार, हे आजच एकमताने ठरवा. हे ठरत नसेल, तर पिल्लू आणू नका.

ठरलं असेल, तर फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे वागा. एखाद्या संध्याकाळी आजी हळूच म्हणेल, "बैठ." पिल्लू क्षणभर तिच्याकडे बघेल आणि फरशीवर टेकेल. तेव्हा नातवालाही म्हणू द्या, "बैठ." ते त्याचंही ऐकेल.