उपस्थितिबोधक साधने

उपस्थितिबोधक साधने म्हणजे एकाच कामावर असलेल्या, परंतु एकमेकांपासून दूर किंवा सतत फिरतीवर असलेल्या व्यक्तींना आपले सहकारी सध्या कोठे आहेत, कोणत्या कामात गुंतले आहेत आणि त्यांच्याशी संपर्क साधता येईल की नाही, हे कळवणारी साधने व पद्धती होत. संदेशनाच्या ॲपमध्ये नावापुढे दिसणारी 'ऑनलाइन' ही खूण हे त्यांचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मात्र ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. रेल्वेमार्गावरील गस्त, वीजवाहिन्यांची दुरुस्ती अशा जोखमीच्या कामांत सहकाऱ्याचा ठावठिकाणा कळवण्याच्या लेखी व दूरध्वनीवरील पद्धती दीर्घकाळ रूढ आहेत. खानदेशातील जळगाव व धुळे जिल्ह्यांत या जुन्या पद्धती आणि उपग्रहाधारित नवी उपकरणे यांचा एकत्र वापर आढळतो.

स्वरूप

उपस्थितीच्या माहितीचे सामान्यतः तीन भाग असतात: व्यक्तीचे ठिकाण, तिची सद्यस्थिती (कामात, फोनवर, रजेवर इत्यादी) आणि तिच्याशी संपर्क साधण्याचा योग्य मार्ग. ही माहिती व्यक्ती स्वतः कळवते किंवा उपकरण आपोआप टिपते. कळफलकाचा शेवटचा वापर, सुरू असलेला दूरध्वनी, दिनदर्शिकेतील बैठक आणि जीपीएसवरून मिळालेले स्थान ही आपोआप टिपल्या जाणाऱ्या माहितीची उदाहरणे होत.

अशा साधनांत माहितीइतकेच महत्त्व तिच्या अभावाला असते. ठरलेल्या वेळी सहकाऱ्याची खबर आली नाही, तर पुढे कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असावे लागते. तसे ठरलेले नसल्यास पडद्यावरील खूण केवळ सोयीची राहते आणि सुरक्षिततेसाठी तिचा फारसा उपयोग होत नाही.

इतिहास

संगणकावरील उपस्थितिबोधाचा आरंभ 'फिंगर' या आज्ञावलीपासून मानला जातो. ती इ.स. १९७१ साली लेस अर्नेस्ट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लिहिली. सामाईक संगणकावर सध्या कोण काम करीत आहे आणि कोण किती वेळ निष्क्रिय आहे, हे तिच्यावरून समजत असे.

केंब्रिज येथील ऑलिव्हेट्टी संशोधन प्रयोगशाळेने 'ॲक्टिव्ह बॅज' हा बिल्ला तयार केला. त्याची माहिती इ.स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. तो दर १५ सेकंदांनी अवरक्त किरणांचा संकेत पाठवी. त्यावरून कर्मचारी इमारतीच्या कोणत्या खोलीत आहे ते कळे आणि त्याच्यासाठी आलेला दूरध्वनी जवळच्या यंत्राकडे वळवता येई. त्याच सुमारास झेरॉक्स कंपनीच्या 'पोर्टहोल्स' या प्रयोगात अमेरिका व इंग्लंडमधील कार्यालयांची स्थिरचित्रे ठरावीक अंतराने एकमेकांना दाखवली जात.

इ.स. १९९६ मध्ये आलेल्या 'आयसीक्यू'मुळे मित्रयादीतील उपस्थितीची खूण सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. फेब्रुवारी २००० मध्ये 'आरएफसी २७७८' या दस्तऐवजाने उपस्थितीची माहिती देणारा आणि ती पाहणारा अशा दोन भूमिका वेगळ्या करून या विषयाची सामाईक परिभाषा दिली. 'जॅबर' या मुक्त प्रकल्पातून विकसित झालेला 'एक्सएमपीपी' हा नियमसंच इ.स. २००४ मध्ये इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

फिरतीवरील सहकाऱ्यांचा स्वतंत्र विचार सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. तेथील जॉन टँग व सहकाऱ्यांनी इ.स. २००१ मध्ये 'अवेअरनेक्स' ही प्रणाली मांडली. मेजावरील संगणकापुरती असलेली उपस्थितीची माहिती तिने हातात मावणाऱ्या बिनतारी उपकरणांवर आणली. पुढे याच गटाने कर्मचाऱ्यांच्या दैनंदिन कामाची लय अभ्यासून, जागेवर नसलेली व्यक्ती साधारण केव्हा परत येईल याचा अंदाज बांधण्याचा प्रयत्न केला.

खानदेशातील रेल्वेमार्ग गस्त

भुसावळ (जि. जळगाव) हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे. चाळीसगाव, पाचोरा व जळगाव ही मुंबईहून येणाऱ्या मुख्य मार्गावरील स्थानके या विभागात येतात. भुसावळ येथे हा मार्ग नागपूर व खंडवा या दिशांना विभागतो. चाळीसगावहून धुळ्याला शाखामार्ग जातो. सुरतेजवळील उधना येथून धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा व नरडाणामार्गे येणारा ताप्ती खोऱ्यातील मार्ग पश्चिम रेल्वेकडे असून तो जळगावला मुख्य मार्गास मिळतो.

या मार्गांवरील कीमन, पेट्रोलमन आणि गँगमधील ट्रॅकमन हे खऱ्या अर्थाने विखुरलेले सहकारी होत. पेट्रोलमन रात्री-अपरात्री आपल्या बीटवर चालत असतो. पावसाळ्यात भराव खचण्याचा व मार्ग वाहून जाण्याचा धोका असतो. हिवाळ्याच्या रात्री रूळ आकुंचन पावून तडे जातात. उन्हाळ्यात रूळ प्रसरण पावून मार्ग वाकण्याची शक्यता असते. जळगाव-भुसावळ परिसर महाराष्ट्रातील अतिउष्ण भागांपैकी एक असल्याने येथे उन्हाळी गस्तीला विशेष महत्त्व आहे. लांब जोडरूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवलेले असतात, त्याहून रुळाचे तापमान २० अंश सेल्सियसपेक्षा अधिक वाढल्यास उन्हाळी गस्त घातली जाते.

गस्तीची पारंपरिक पद्धत ही उपस्थितिबोधाची कागदी व्यवस्थाच आहे. लगतच्या बीटवरील दोन पेट्रोलमन बीटच्या सीमेवर भेटतात आणि गस्त-पुस्तिकांची अदलाबदल करतात. पुस्तिका अशा रीतीने हातोहात स्थानकापर्यंत पोहोचते आणि स्टेशनमास्तर तिच्यावर वेळ नोंदवून सही करतो. जोडीदार सीमेवर भेटला नाही, तर पेट्रोलमनने त्याच्या शोधात पुढे जायचे असते. पेट्रोलमन ठरलेल्या मुदतीत स्थानकावर पोहोचला नाही, तर मार्गावर काही अघटित घडले असावे असे गृहीत धरले जाते. त्या टप्प्यात शिरणाऱ्या गाडीच्या चालकाला सावधगिरीचा लेखी आदेश देऊन वेग मर्यादित ठेवण्यास सांगितले जाते. एका माणसाची खबर न येणे हाच येथे धोक्याचा संकेत ठरतो.

पेट्रोलमनला प्रत्यक्ष धोका दिसल्यास गाडी थांबवण्याचे साधन त्याच्याजवळच असते. ब्रॉडगेज मार्गावर धोक्याच्या जागेपासून ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर लावण्याचा नियम आहे. विद्युतीकरण झालेल्या मार्गांवर ठरावीक अंतराने बसवलेल्या सॉकेटला सुटा दूरध्वनी जोडून नियंत्रण कक्षाशी बोलता येते.

अलीकडच्या काळात मध्य रेल्वेसह भारतीय रेल्वेने कीमन व पेट्रोलमन यांना जीपीएस ट्रॅकर दिले आहेत. त्यांवरून कर्मचाऱ्याचे स्थान व चालण्याचा वेग पर्यवेक्षकाला दिसतो आणि संकटकाळी कर्मचाऱ्याला संदेश पाठवता येतो. रेल्वे इंजिनांचे स्थान कळवण्यासाठी इस्रोच्या सहकार्याने 'आरटीआयएस' ही प्रणाली उभारण्यात आली आहे. मार्गावर काम करणाऱ्यांना येणाऱ्या गाडीची पूर्वसूचना देणारे, व्हीएचएफ लहरींवर चालणारे 'रक्षक' हे उपकरणही वापरात आणले गेले आहे. ट्रॅकर कर्मचाऱ्याची माहिती कार्यालयाला देतो, तर 'रक्षक' गाडीची माहिती कर्मचाऱ्याला देते. त्यामुळे दोन्हींचा उद्देश भिन्न आहे.

वीजवाहिन्यांवरील परमिट

महावितरणच्या जळगाव परिमंडळात जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे येतात. वाहिनीवर काम करण्यापूर्वी उपकेंद्राकडून 'लाइन क्लिअर परमिट' घेण्याची पद्धत वीजक्षेत्रात सर्वत्र आहे. परमिट घेणाऱ्याने काम संपवून, सर्व माणसे खाली उतरल्याची खात्री करून ते परत करेपर्यंत उपकेंद्रातील ऑपरेटरने वाहिनी चालू करायची नसते. खांबावरील माणूस ऑपरेटरला दिसत नाही. परत न आलेले परमिट हीच त्याच्या उपस्थितीची खूण असते. गस्त-पुस्तिकेप्रमाणे येथेही माहिती नेमक्या कृतीशी बांधलेली आहे.

मर्यादा

उपकरणाचे स्थान म्हणजे व्यक्तीची अवस्था नव्हे. ट्रॅकर एकाच जागी स्थिर दिसत असल्यास कर्मचारी विसावला आहे, जखमी झाला आहे की उपकरण खाली पडले आहे, हे त्यावरून समजत नाही. बॅटरी संपल्यास किंवा मोबाइल नेटवर्क नसल्यास शेवटचे ज्ञात स्थानच दिसत राहते. म्हणून स्थानासोबत नोंदीची वेळ दाखवणे आवश्यक मानले जाते.

अशा प्रणालीत नोंद असलेली माणसे व यंत्रेच दिसतात. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात माहेजी व परधाडे या स्थानकांदरम्यान पुष्पक एक्सप्रेसमध्ये आगीची अफवा पसरल्याने प्रवासी रुळांवर उतरले आणि लगतच्या मार्गावरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडून किमान १२ जणांचा मृत्यू झाला. मार्गावर अचानक आलेल्या अशा माणसांची उपस्थिती कर्मचाऱ्यांसाठीच्या साधनांच्या कक्षेत येत नाही.

खासगीपणा

सहकाऱ्याच्या मदतीसाठी गोळा केलेली माहिती पर्यवेक्षकाच्या हाती गेल्यावर हजेरी, वेतनकपात व शिस्तभंगाच्या कारवाईसाठीही वापरली जाऊ शकते. नागपूर, चंडीगड व पंचकुला येथे सफाई कर्मचाऱ्यांना जीपीएस घड्याळे देण्यात आली. अशा घड्याळांतून सतत पाळत ठेवली जाते, असा आक्षेप कर्मचाऱ्यांकडून घेतला गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने संदेश वाचल्याची निळी खूण सुरू केली तेव्हाही नाराजी व्यक्त झाली आणि ती बंद ठेवण्याची सोय लवकरच देण्यात आली.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी इ.स. २०२३ मध्ये कायदा करण्यात आला. माहिती कोणाला दिसते, ती किती काळ साठवली जाते, कामाची वेळ संपल्यावर नोंद थांबते का आणि कर्मचाऱ्याला स्वतःची नोंद पाहता येते का, हे या साधनांच्या रचनेतील प्रमुख प्रश्न आहेत. गस्त-पुस्तिकेच्या पद्धतीत दोन्ही पेट्रोलमन एकमेकांची नोंद पाहतात. एकतर्फी ट्रॅकरमध्ये ही परस्परता नसते.

हेही पाहा

भुसावळ रेल्वे विभाग
जागतिक स्थान निश्चिती प्रणाली
तत्काळ संदेशन
खासगीपणाचा अधिकार