आसन म्हणजे बैठक

आजोबा रोज पहाटे देवघरापुढे घोंगडीची चौपदरी घडी टाकून बसायचे. त्या घडीला घरात सगळे ‘आसन’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ तिथं शिल्लक आहे: आसन म्हणजे बसणं, बसायची जागा.

‘योगा करतो’ म्हणजे आसनं करतो, हा आपला सगळ्यांत पक्का गैरसमज. पतंजलींच्या 195 योगसूत्रांत आसन कसं असावं हे सांगणारी सूत्रं तीनच. बैठक स्थिर असावी, सुखाची असावी, एवढंच मागणं. सूर्यनमस्काराचा तिथं उल्लेखही नाही. त्याचा जोरदार प्रसार औंधच्या पंतप्रतिनिधींनी केला, तो विसाव्या शतकात. योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं. आधी यम आणि नियम, म्हणजे अहिंसा, सत्य, चोरी न करणं, हाव न धरणं, संतोष वगैरे. पाठ वाकवण्याआधी जीभ सरळ करायची आहे. वर्गात हे क्वचितच सांगतात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हठयोग तरी निव्वळ शरीराचा? नाही. पंधराव्या शतकातली स्वात्मारामांची ‘हठप्रदीपिका’ हठयोगाला राजयोगाकडे, म्हणजे समाधीकडे, चढणारा जिना मानते. आपण पहिल्या पायरीवरच सतरंजी अंथरली आहे.

‘ध्यानात डोकं रिकामं व्हायला हवं, माझं होत नाही,’ असं सांगून कितीतरी जण ध्यान सोडून देतात. पाच मिनिटं बसून बघा. गॅस बंद केला का, वीजबिल भरलं का, काल ती असं का बोलली, सगळं येतं. आलं हे ध्यानात आलं, की पुन्हा श्वासाकडे वळायचं. हे वळणं म्हणजेच अभ्यास. त्याच्या जोडीला पतंजली वैराग्य सांगतात, म्हणजे आलेल्या विचारामागे न धावणं. राग आला, तर ‘मी म्हणजेच हा राग’ असं आपण धरून चालतो. पाहणारा आणि दिसणारं यांची ही गल्लत सुटावी, यासाठी सगळा खटाटोप.

सिद्धींविषयी थोडक्यात: योगसूत्रांत त्या आहेत, पण समाधीच्या वाटेतले अडथळे म्हणून पतंजलींनी सावधही केलं आहे.

आणि समाधी. ज्ञानेश्वरांच्या आळंदीतल्या समाधीमुळे मराठी कानाला हा शब्द अखेरचा वाटतो. पतंजलींकडे मात्र समाधी हे आठवं अंग, जिवंत माणसाच्या चित्ताची अवस्था: ध्यान करणारा ‘मी’ विरतो आणि ज्याचं ध्यान चाललंय तेवढंच उरतं. ज्ञानेश्वरांनीही ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाची ही वाट रंगवली, ती 1290 साली, आळंदीच्या समाधीच्या सहा वर्षं आधी.