कोरड्या देशातली ओल

माझं माहेर चिपळूणचं. भिंतींना ओल, कपाटात बुरशी आणि पूर आला की सामान माळ्यावर, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे ह्यांची बदली लेहला झाली तेव्हा मनाशी म्हटलं, चला, एक कटकट तरी सुटली! साडेअकरा हजार फुटांवरचं गाव आणि वर्षाचा पाऊस जेमतेम दहा सेंटिमीटर. आमच्या कोकणात एवढा एखाद्या दुपारीच कोसळतो.

पण तिथली जुन्या पद्धतीची घरं पाण्यासाठी बांधलेलीच नसतात, हे मला कुठे ठाऊक? उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा, वर पॉपलरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, गवत आणि मातीचा जाड थर. थंडीत मोठी उबदार हो! मात्र पाणी लागलं, की भिंत चहातल्या बिस्किटासारखी विरू लागते. २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसं दगावली, तेव्हा अशी कितीतरी घरं चिखलात गेली.

आमच्यावरचं संकट आभाळातून नव्हे, नळातून आलं. मी तिथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. हिवाळ्याच्या लांब सुट्टीत आम्ही माहेरी गेलो. निघताना मुख्य कॉक बंद केला आणि निर्धास्त झालो. नळीत उरलेलं पाणी कोणाच्या लक्षात राहणार? पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं, त्या दाबाने लोखंडी नळीसुद्धा चिरते. आणि चिरते तेव्हा कळतही नाही, कारण बर्फच बूच होऊन बसलेला असतो. मार्चमध्ये परतलो, कॉक उघडला, तर थेंब नाही. "गोठलं असेल, येईल," असं म्हणून हे दौऱ्यावर गेले. कॉक उघडाच राहिला.

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. शाळेतून घरी येते, तो मुलांच्या खोलीतला गालिचा पायाखाली चपचप! भिंतीचा खालचा हातभर भाग काळा पडलेला. त्याच भिंतीशी मुलांच्या गाद्या, माझ्या आईने शिवलेली गोधडी आणि पुस्तकांची ट्रंक.

कॉक बंद केला. खोलीत पाणी आहे म्हणून विजेचा मेन स्विचही बंद केला, एवढं सुचलं. मग मात्र कोकणातली अक्कल चालवली. दारंखिडक्या घट्ट लावल्या, बुखारी भरभरून पेटवली, शिवाय शेगडीत कोळसे फुलवून ती भिंतीशी ठेवली. मुलं तिथेच खेळत होती. तासाभराने धाकटी म्हणू लागली, "आई, डोकं दुखतंय." मला वाटलं, दमली असेल.

तेवढ्यात घरमालकीण आल्या. त्यांना आम्ही अमा-ले म्हणतो, म्हणजे आईच. त्यांनी "जुले" सुद्धा म्हटलं नाही. आधी खिडकी उघडली, शेगडी उचलून अंगणात नेली, मुलांना बाहेर काढलं. बंद खोलीतल्या कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. आजही तो तास आठवला की हातपाय गार पडतात. शेगडी कितीही धगधगीत असो, बंद खोलीत नको म्हणजे नको!

मग अमा-लेंनी वाळवण कसं करायचं ते दाखवलं. तिथली हवा इतकी कोरडी, की वाळवायचं काम तीच करते, आपण फक्त वाट मोकळी करायची. भिंतीजवळचं सगळं हलवलं. अकरा ते तीन, ऊन असताना, खिडक्या सताड उघड्या. सूर्य कलला की बंद. रात्री ओली माती गोठली तर तिचे पोपडे सुटतात, म्हणून रात्री बुखारी मंद, धुराडं नीट तपासून आणि खिडकीला बोटभर फट ठेवून. मुलं महिनाभर दुसऱ्या खोलीत झोपली. गालिचा रात्री बाहेर टाकला, तो पापडासारखा कडक झाला. सकाळी उलटा करून काठीने झोडपला तर पाण्याऐवजी बर्फाचा चुरा गळला! पुस्तकंही थंडीत गोठलेलीच ठेवली आणि रोज दोन-दोन आत आणून पानांत वर्तमानपत्राचे कागद घालून वाळवली. गोठलेल्या पुस्तकाला बुरशी धरत नाही.

गवंडी म्हणाला, खाली सिमेंटचा गिलावा मारून टाकू. अमा-ले कडाडल्याच. सिमेंटने ओल आत कोंडते, भिंत आतून पोकळ होत जाते. मे महिन्यात, भिंत खडखडीत वाळल्यावर, माती आणि भुसा कालवून लिंपण केलं. त्याआधी वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशनेच झाडला. धुवायचा नसतो तो.

नळी गोठलीच, तर ज्योत कधी लावू नका. आधी कॉक बंद, मग तोटी उघडी, आणि गरम पाण्यात पिळलेली फडकी तोटीकडून मागे मागे गुंडाळत जायची. आता सुट्टीला निघताना मी सगळ्या तोट्या उघडून, सर्वांत खालच्या तोटीतून शेवटचा थेंब गळेपर्यंत बादली घेऊन बसते. हे बाहेर गाडीचा हॉर्न वाजवत असतात, वाजवोत.

गोधडीच्या एका कडेला मातीचा डाग राहिलाय. परवा अमा-लेंनी विचारलं, "तुमच्याकडे चार महिने पाऊस, मग घरं विरघळत कशी नाहीत?" जांभा दगड आणि कौलं त्यांना समजावताना संध्याकाळ झाली.